देऊळघाटच्या स्पॅनिश मास्तराशी अर्धवट राहिलेलं भांडण

मिलिंद,

तू फोन उचलत नाहीस यात नवीन काही नाही. होतास तेव्हा तरी कुठं उचलायचास. परवा ऑफिसात एका शब्दावर अडले आणि सवयीनं तुझा नंबर लावला. पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. मी चिडून म्हणाले, "आज कसा काय उचलला?" पलीकडून तुझी सुनीता म्हणाली, "ताई, मी हाये. हा फोन आता माह्याजवळच असते." तुझ्या फोनवर इतक्या वर्षांत पहिल्यांदा लगेच उत्तर मिळालं, आणि त्यासाठी तुला मरावं लागलं.

देऊळघाटला तुझ्या शोकसभेत एकामागून एक माणसं उठून बोलत होती. मिलिंद सर शांत स्वभावाचे होते, मिलिंद सर कधी कुणाला दुखवत नसत, मिलिंद सर मितभाषी होते. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते. मितभाषी म्हणे. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये एका शब्दाच्या लिंगावरून तू माझ्याशी संध्याकाळ होईपर्यंत भांडला होतास, शेवटी कँटीनवाल्यानं आपल्या खुर्च्या उचलून टेबलावर ठेवल्या. हे उठून सांगावंसं वाटलं. पण तुझे वडील पुढं भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांना त्या शांत, मितभाषी मुलाबद्दल ऐकायला बरं वाटत होतं. म्हणून गप्प बसले. आता इथं बोलते. मध्ये तोंड घालू नकोस.

आधी तुझ्या मरण्याबद्दल. मला त्याचा फार राग आहे.

रविवारचा वर्ग होता. मलकापूरला स्टेशनजवळच्या त्या खोलीत तू शिकवत होतास. मध्येच फळ्याला हात टेकून थांबलास. वर्गातल्या कोमलनं विचारलं, "सर, बरं नाही का?" तू म्हणालास, "काही नाई, लसनाची चटनी जास्त झाली सकाळी. जळजळ होऊन राह्यली." एका पोराला खाली पिटाळून सोडा मागवलास, तो पिऊन पुढचा धडा घेतलास. खोलीच्या बरोबर खाली दवाखाना आहे, मिलिंद. जिना उतरताना डाव्या हाताला. त्याच्या पाटीवरून तू रोज जायचास आणि पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय म्हणून कुरकुरायचास. त्या दिवशी तेवढ्यासाठी तरी आत जायचं होतं. तू मोटरसायकल काढलीस. मोताळा मागं टाकलंस, राजूर घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर गाडी लावलीस आणि बाकड्यावर आडवा झालास. टपरीवाल्यानं जीप थांबवून तुला बुलढाण्याला पोचवलं. तोवर तू निघून गेला होतास. तुझी पंचेचाळिशीही झाली नव्हती. चटणी म्हणे.

आपली ओळख पुण्यात झाली, विद्यापीठाच्या परकीय भाषांच्या विभागात. मी नांदुऱ्याहून आलेली, धान्याच्या अडत्याची मुलगी. दहावीनंतर पुण्याला मावशीकडं राहून मी माझं बोलणं घासूनपुसून घेतलं होतं. तू देऊळघाटचा. तुझे वडील, दादा, बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक, आणि त्यांची एकच इच्छा, पोरानं फौजदार व्हावं. तू त्या अभ्यासासाठीच पुण्याला आला होतास. संध्याकाळी वेळ रिकामा जातो म्हणून सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलंस. जर्मनचे वर्ग भरले होते, स्पॅनिशला जागा होती. एवढंच. नंतर तू तुझ्या विद्यार्थ्यांना स्पॅनिश भाषेच्या ओढीबद्दल जे काही सांगायचास त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं, हे नोंदवून ठेवते.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. बाईंनी चालू वर्तमानकाळ शिकवला. 'एस्तोय कोमिएन्दो'चं मराठी विचारलं. कुणी म्हणालं मी जेवतोय, कुणी म्हणालं मी जेवत आहे. बाई म्हणाल्या, अर्थ बरोबर, पण या रचनेत दोन क्रियापदं आहेत, ती मराठीत कशी दिसतील? मागच्या बाकावरून तू म्हणालास, "जेवून राह्यलो." वर्ग हसला. तू हसला नाहीस आणि खाली बसलाही नाहीस. "कोमिएन्दो म्हंजे जेवून, एस्तोय म्हंजे राह्यलो. आमच्याकडं असंच म्हन्तात, म्याडम." बाईंनी खडू खाली ठेवला, तुला फळ्याकडं बोलावलं आणि ते वाक्य लिहायला लावलं. मग तू थांबेचनास. त्यांच्यात 'त्याला' म्हणायला 'ले' येतो, आपल्याकडं 'त्याले' म्हणतात, हे दाखवलंस. खुळा योगायोग आहे तो, बाईंनीही तसंच सांगितलं. पण पुण्याची पोरं ज्या बोलीला हसायची ती तू फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आलास. तास सुटल्यावर माझ्याजवळ येऊन विचारलंस, "तू नांदुऱ्याची ना वं? मंग काऊन बोलत नाई?" मी म्हणाले, "मी बोलते आहे." तू म्हणालास, "हे बोलनं नाई, हे वाचून दाखवनं हाये."

डिप्लोमा झाला, मग एम.ए.ला आपण दोघंही हैदराबादला गेलो. नांदुऱ्यात आणि देऊळघाटात आपलं जमलंय अशी बोलवा झाली. माझ्या आईनं तर मला समोर बसवून विचारलं. मी म्हणाले, आई, त्या माणसाबरोबर चहा प्यायचा म्हटलं तरी मला आधी रजा टाकून विश्रांती घ्यावी लागते, लग्न कुठलं. ते खरंच होतं. तुलाही ते माहीत होतं. सुनीतालाही पहिल्या भेटीतच कळलं. तिनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "ताई, हे असेच हायेत का नेहमी?" मी हो म्हटलं. तरी तिनं तुझ्याशी लग्न केलं. सरकारी शाळेत मास्तरीण आहे, सहनशक्ती नोकरीतच शिकवत असतील.

पुढं काय करायचं यावर आपण पहिल्यापासून भांडलो. मला पुण्याच्या एका कंपनीत जागा मिळाली. मेक्सिको, कोलंबियाकडच्या ग्राहकांच्या फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायच्या, लिहून घ्यायच्या, मार्गी लावायच्या. पगार बरा, गाडी घरी न्यायला-आणायला. वर्षभरानं तुलाही तिथंच चिकटवलं. तू पावसाळाभरही टिकला नाहीस. एका म्हाताऱ्यानं फ्रिजची तक्रार करता करता बायको गेल्याचं सांगितलं. तू त्याच्याशी तासभर बोलत बसलास, आणि सुपरवायझरनं विचारल्यावर म्हणालास, फ्रिज ठीक आहे, म्हातारा ठीक नाही. तुला समज मिळाली. तू राजीनामा दिलास. समज मिळाली की लोक सुधारतात, मिलिंद. राजीनामा देत नाहीत.

मग तू अजिंठ्याला गाइड झालास. ते काम तुझ्यासाठीच होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. मी सुट्टीत घरी आले होते, तू म्हणालास चल, म्हणून एका गटाबरोबर आले. बहुतेक सगळी पिकल्या केसांची स्पॅनिश माणसं. शेवटच्या मोठ्या लेण्यात, जिथं बुद्ध कुशीवर निजलेला आहे, तिथं एका बाईनं विचारलं, खालची माणसं रडतात आणि वरचे देव आनंदात दिसतात, असं का? तू सगळ्यांना खाली बसवलंस. मग म्हणालास, वरच्यांना तो कोण होता हे माहीत होतं. खालच्यांना तो कसा जेवायचा, कसा चालायचा, हेही माहीत होतं. ती बाई रुमाल शोधायला लागली. मला अभिमान वाटला, कबूल. तो पुरता वाटून होईतो टूर मॅनेजर आत आला, घड्याळ दाखवायला लागला. त्याला गटाला साड्यांच्या आणि दगडी मूर्तींच्या दुकानात न्यायचं होतं. आणि तू त्याच शांत, गोड स्पॅनिशमध्ये गटाला सांगितलंस की या गृहस्थांना घाई आहे, कारण तुम्ही दुकानात गेलात की त्यांना वाटा मिळतो, लेणी पाहिलीत तर मिळत नाही. सगळे हसले. मॅनेजरला स्पॅनिश येत नव्हतं, पण हसणं कळत होतं. त्या सीझनपासून तुला काम येणं बंद झालं.

परतताना मी गाडीत ओरडले. "तुला गप्प बसता येत नव्हतं का?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तिनं इचारलं होतं. उत्तर अर्ध टाकून दुकानात कसं नेऊ?" मी म्हणाले, "उत्तर देऊन झालं होतं." तू म्हणालास, "माह्यं झालं होतं. तिचं झालं नव्हतं." मग देऊळघाट येईपर्यंत तू जिंकल्यासारखा शीळ घालत होतास.

मलकापूरचा वर्ग तू सुरू केलास तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं, मी धरून. इथं इंग्रजीचे क्लास चालतात, स्पर्धा परीक्षांचे चालतात. स्पॅनिश कोण शिकणार? तू म्हणालास, स्टेशन आहे, गाड्या थांबतात, पोरं येतील. आणि पोरं आली. नांदुऱ्याहून, मोताळ्याहून, जळगावकडूनही. बी.ए., बी.कॉम. झालेली, पुढं काय ते ठाऊक नसलेली. त्यांच्या घरचे तुला विचारायचे, हे शिकून काय होते? दादांनीही तुला असंच विचारलं होतं ना, "पोलीस भरतीत घेतात काय स्पॅनिशवाल्याले?" तू पालकांना नीट सांगायचास. कंपन्यांत घेतात. गाइड होता येतं. बाहेरच्या देशाशी व्यापार करणाऱ्यांना माणूस लागतो. दुभाषा होता येतं, शाळेत शिकवता येतं, पुस्तकं इकडून तिकडं नेता येतात. आणि शेवटी म्हणायचास, "नाहीच काही झालं तर भांडायले आनखी एक भाषा भेटते." ते शेवटचं वाक्य वगळ म्हणून मी किती वेळा सांगितलं. लोकांना तेवढंच लक्षात राहायचं.

तू वऱ्हाडीतून स्पॅनिश शिकवायचास. मी एकदा मागं बसून ऐकलं. जी गोष्ट शिकायला मला पुण्यात सहा महिने लागले होते ती तिथली पोरं आठवड्यात बोलत होती. जाऊन राह्यलो, करून राह्यली, आणि त्याला जोडून लगेच स्पॅनिश. मी म्हणाले, याचं पुस्तक कर. तू म्हणालास, करू. मी म्हणाले, आत्ता कर. तू म्हणालास, पुस्तक कुठल्या मराठीत लिहू, पुण्याच्या का आपल्या? मी म्हणाले, प्रमाण मराठीत, नाहीतर छापणार कोण. झालं. त्या एका प्रश्नावर आपण वर्षानुवर्षं अडलो. दर दिवाळीला विषय निघायचा, दर दिवाळीला तिथंच थांबायचा. पुस्तक झालं नाही. हा दोष तुझा आहे. मी तर वऱ्हाडीत कर म्हणायलाही तयार झाले होते, फक्त तुला ते सांगितलं नव्हतं, कारण तू शीळ घातली असतीस.

आणि मग कोमल.

कोमल मोताळ्याकडच्या एका गावची. बापाची कापूस-सोयाबीनची शेती, घरात दोन भाऊ, आणि पाहुण्यांचं येणं सुरू झालेलं. तिला कान आहे, हे तू मला पहिल्या दिवसापासून सांगत होतास. एकदा ऐकलं की तिला उच्चार येतो, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं मराठी तयार असतं. मी माझ्या कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला. मुलाखत झाली, निवड झाली. आणि तू म्हणालास, नको.

ते मलकापूर स्टेशनवर झालं. तू मला पुण्याच्या गाडीत बसवायला आला होतास, गाडी लेट होती. तू म्हणालास, "तिनं हैदराबादले जाऊन एम.ए. करावं. दुभाषी होईल ती. मोठमोठ्या सभांत बसून बोलन. तू तिले फ्रिज दुरुस्तीत घालून राह्यली."

मी म्हणाले, "तिच्या घरी स्थळं यायला लागली आहेत. हातात पगार असला तर तिचा शब्द घरात चालेल. एम.ए.चं नाव काढलं तर बाप पुढच्या महिन्यात लग्न लावून मोकळा होईल."

"मी बापाशी बोलतो."

"तू बोललास की काम होतं, असा अनुभव आहे का तुझा?"

तू रुळांकडं बघत म्हणालास, "तू शिकली तेवढंच मीबी शिकलो. तू काय झाली वं? टीम लीडर. कोनाची टीम, न कुठं नेऊन राह्यली तिले?"

ते लागलं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "अन् तू काय झाला? तुह्यं घर सुनीताच्या पगारावर चालते म्हून तुले मोठमोठ्या गोष्टी सुचून राह्यल्या. त्या पोट्टीच्या घरी सुनीता नाई हाये कोनी."

बाजूच्या बाकावरचे दोघे आपल्याकडं वळून बघायला लागले. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीतरी भलतंच होतं, मला तेव्हा ते छद्मी वाटलं. गाडी आली. तू माझी पिशवी आत ठेवलीस, खिडकीतून पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालास, "पोचली का फोन कर." मी पोचल्यावर फोन केला. तू उचलला नाहीस.

चार-पाच दिवसांनी तुझा आवाजी निरोप आला. मला वाटलं, आता कोमलबद्दल असेल, किंवा स्टेशनवरच्या बोलण्याबद्दल. मीटिंग सोडून बाहेर येऊन ऐकला. तू म्हणत होतास, "वैशाली, एस्त्रेनार सापडलं मले. कपडा पहिल्यांदा घालनं, नवी वस्तू पहिल्यांदा वापरनं, त्याले एकच क्रियापद हाये त्याईचं. आपल्याकडं नाई म्हनत होती ना तू? हाये. घडी मोडनं. आईनं सकाळी म्हनलं, नव्या चादरीची घडी मोड. बस, सापडलं." आणि हसलास. बाकी एक शब्द नाही. भांडण नाही, माफी नाही, कोमल नाही. मी इतकी वैतागले की उत्तर दिलं नाही. ठरवलं, दिवाळीला समोरासमोर बघू. खरं सांगू, शब्द फार चांगला सापडला होता. त्याचाच जास्त राग आला होता.

त्या रविवारी संध्याकाळी सुनीताचा फोन आला.

मी पोचेपर्यंत अंत्यविधी होऊन गेला होता. सुनीता पांढरी साडी नेसून ओट्यावर बसली होती. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "ताई, माह्याशीबी असंच करत. भांडन अर्ध्यावर टाकून झोपून जात. मी जागी, न हे घोरून राह्यले. सकाळी उठून म्हनत, काय चाललं होतं आपलं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आताबी तसंच केलं. शेवटचं काय चालू होतं तेबी सांगू शकत नाई मी कोनाले. गॅसच्या नळीवरून होतं." आणि आम्ही दोघी हसलो, मिलिंद. तुझ्या ओट्यावर, आल्यागेल्यांसमोर, तोंडाला पदर लावून हसलो. लोकांना वाटलं, रडतो आहोत. मग ते खरंच झालं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे त्या शोकसभेला, मी पुन्हा आले. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणाची पंगत बसली. तेव्हा कोमलचे वडील तिला घेऊन माझ्याकडं आले. उंच, सावळे, टोपी हातात. म्हणाले, "म्याडम, एक इचारायचं होतं. सर घरी येऊन गेलते. पोरीले शिकू द्या म्हने, हुशार हाये. तुम्ही म्हन्ता नौकरी करू द्या. सर तर गेले. आता मी कोनाचं आयकू?"

मला काय अवघड करून ठेवलंस बघ. जिवंत माणसाशी वाद घालता येतो. तुझ्या मांडवात, तुझ्या फोटोला ताजा हार घातलेला असताना, तुझ्याविरुद्ध कसं बोलू? आणि नाही बोलले तर त्या मुलीचं काय? माझं मत बदललेलं नव्हतं. ते मी सांगितलं. म्हणाले, "भाऊ, मला अजून वाटतं तिनं आधी नोकरी करावी. मिलिंद असता तर माझ्याशी भांडला असता. पण मला असंच वाटतं."

ते मान हलवत राहिले. तेवढ्यात कोमल म्हणाली, "म्याडम, आमचं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

"दोन वर्स नौकरी करीन, मंग एम.ए.ले जाईन. पैशासाठी कोनाकडं पाहायचं काम नाई. म्या सरले सांगतलं होतं. तुम्ही गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसी. सर म्हनले, बरं हाये. म्हने, मी बापाले सांगतो, शिकायची गोष्ट आतापासून कानावर घालून ठेवतो."

म्हणजे निरोप पाठवलास तेव्हा तुझं मत बदललेलं होतं. तू त्या निरोपात घडी मोडण्याबद्दल बोललास आणि हे सांगितलं नाहीस.

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

कोमलनं बापाकडं पाहिलं, मग खाली. "सरनं नका सांगू म्हनलं होतं."

"काऊन?"

तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "सर म्हने, भांडू दे तिले दिवाळीपर्यंत. म्हने, म्याडमले राग आला का त्या आपल्यासारक्या बोलतात. नाई तर वाचून दाखवल्यासारक्या बोलतात."

तिचे वडील एकदम म्हणाले, "अवं, असं बोलतात काय?" मी त्यांना म्हणाले, राहू द्या. पंगतीत वाढणाऱ्यानं माझ्या ताटात वरण घातलं. मी ते जेवले. काय चव होती, आठवत नाही.

इतकी वर्षं, मिलिंद. कँटीनमधलं शब्दाचं लिंग, गाडीतली शीळ, पुस्तकाची मराठी. यातली किती भांडणं खरी होती आणि किती तू चालू ठेवली होतीस? हे विचारायला तू नाहीस, म्हणजे हेही भांडण तूच जिंकलास, आणि ते सुद्धा गैरहजर राहून. माणसानं इतकं आडमुठं असू नये. नांदुऱ्यात माझं घर आता विकलं गेलंय, आईबाबा भावाकडं नागपूरला. माझ्या बोलीत माझ्याशी बोलणारं पुण्यात कुणी नाही. तुला ते माझ्याआधी कळलं होतं. मला नुसतं सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, हेही तुला कळलं होतं. त्यासाठी आभार मानायचे की कान उपटायचे, माझं अजून ठरत नाही.

मलकापूरचा वर्ग बंद पडलेला नाही. उरलेल्या पोरांची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना पुण्यातून कॉम्प्युटरवर शिकवते. परीक्षेपुरतंच, असं मी सुनीताला बजावलंय. ती बरं म्हणाली, पण खोलीची किल्ली अजून तिच्याचकडं आहे आणि परवा तिनं भिंतींना चुना लावून घेतला.

कोमल कामावर रुजू झाली. माझ्या खोलीपासून दुसऱ्या रांगेत बसते. कालच तिचा सुपरवायझर माझ्याकडं आला. म्हणाला, ही मुलगी फार वेळ बोलते. एका बाईचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं, हिनं तिच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारलं, पाणी कुठून भरतात ते विचारलं. मशीनला लागणारं पाणीच त्या गावात दोन दिवसांआड येतं, हे त्यातून कळलं, म्हणून तक्रार सुटली, हे खरं. पण वेळ.

मी तिला आत बोलावलं. नीट समजावून सांगितलं. तक्रार आधी, गप्पा नंतर, आणि शक्यतो गप्पा नाहीतच. वेळेचे नियम आहेत, ते सगळ्यांना आहेत. दोन वर्षं टिकायचंय ना इथं, मग एम.ए.ला जायचंय ना? मी अगदी शांतपणे बोलत होते. तू असतास तर म्हणाला असतास, वाचून दाखवत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हो म्हणेल आणि जाईल. ती गेली नाही.

"म्याडम, पन," ती म्हणाली.

मी दाराबाहेर बघितलं. सुपरवायझर त्याच्या जागेवर गेला होता. मी दार लोटून घेतलं आणि समोरची खुर्ची तिच्याकडं ढकलली.

"बस," मी म्हणाले. "आता बोल, काय म्हनून राह्यली."